तीन ढगाळ दिवस

मी वायरमन. आता निवृत्त आहे असं लेक सगळ्यांना सांगते, मी नाही सांगत. चाळीस वर्षं लोकांच्या भिंती फोडून वायर ओढल्या आणि एवढ्या वर्षांत मी केलेलं एकही काम जळालं नाही. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगतो. बायको म्हणायची, "ह्यांना नाव विचारा, आधी हेच सांगतील."

ती शिवणकाम करायची. एका दुकानासाठी पडदे, आणि घरी ओळखीपाळखीच्या बायकांचे कपडे. तिला धाप लागायला लागली तेव्हा आम्ही म्हटलं, वय झालं. मग तपासण्या झाल्या, फुप्फुसांचं दुखणं निघालं आणि दवाखान्यातून एक मशीन घरी आलं. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं, उशाकडच्या टेबलाएवढं, खाली चाकं. सुरुवातीला ते फक्त रात्री झोपताना लावायचं होतं. दिवसा ती ठणठणीत असायची, म्हणजे जिना सोडला तर.

आता धाकटीबद्दल सांगायला हवं. धाकटी म्हणजे बायकोची बहीण. ती समुद्राकाठी राहते, इथून गाडीने चार दिवस. तिचे दोन्ही पाय गेलेत. खुर्चीतून पलंगावर आणि पलंगावरून खुर्चीत, एवढाच तिचा प्रवास. नऊ वर्षं दोघी भेटल्या नव्हत्या. दर रविवारी फोनवर तासभर बोलायच्या. "मला श्वास नाही, तुला पाय नाहीत. दोघींचं मिळून एक धड माणूस होईल," असं बायको म्हणायची आणि मग दोघी इतक्या हसायच्या की हिला खोकला यायचा.

डॉक्टरांनी विमानाला साफ नाही म्हटलं. रेल्वे तिकडे जात नाही. रस्त्याने जावं तर मधले दोन दिवस नुसता माळ, मुक्कामाला जागा नाही आणि जिथे आहे तिथे विजेचा भरवसा नाही. रात्री मशीन बंद पडून चालणार नव्हतं. म्हणून मीच एक दिवस जेवताना म्हटलं, "आपली वीज आपण घेऊन जाऊ." ती घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. मला वाटतं लग्नानंतर मी तिला एवढा आवडलो तो त्या दिवशीच.

एका बेकरीवाल्याची जुनी व्हॅन घेतली. पाव पोचवायची होती, त्यामुळे आत शिरलं की अजून भाजलेल्या पावाचा वास यायचा. बायकोने लगेच तिचं नाव पावगाडी ठेवून टाकलं. उत्साहाच्या भरात पहिल्याच आठवड्यात मी टपावर दोन सोलर पॅनेल बसवली, सीटमागे एक बॅटरी बसवली, पलंग ठोकला. आणि मग यादी करायला बसलो.

सोलरचं कुठलंही काम यादीपासून सुरू होतं. कुठली कुठली उपकरणं चालवायची, प्रत्येक किती वॅटचं, दिवसातून किती तास. गुणाकार करायचा, बेरीज करायची, ऊन किती मिळेल ते बघायचं, की पॅनेल किती आणि बॅटरी केवढी ते कळतं. पाच मिनिटांचं काम. मी त्याला दोन वर्षं लावली.

"लिहा," ती स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसून सांगत होती. "दोन दिवे. पंखा. औषधांपुरता छोटा फ्रिज. फोन."

"आणि मशीन."

"ते तर मुख्य पाहुणं. बाकी आम्ही सगळे त्याच्याबरोबर."

मी मशीन फिरवून मागची पाटी वाचली. साडेतीनशे वॅट. रात्रीचे दहा तास. लिहिलं. बेरीज केली आणि खाली माझा नेहमीचा नियम घातला: तीन ढगाळ दिवस. म्हणजे सलग तीन दिवस ऊन पडलंच नाही, तरी सगळं चालू राहील एवढी मोठी बॅटरी. हा नियम कुठल्या पुस्तकातला नाही, माझा आहे. त्याचं कारण पुढे सांगतो. तर त्या नियमाने हिशेब केला आणि दोन पॅनेल कुठल्या कुठे राहिली. चार हवी होती, आणि बॅटऱ्याही चार.

"टपावर चार मावतील?" तिने विचारलं.

"नाही."

"मग?"

"बघतो."

माझं 'बघतो' ती ओळखून होती. पुढच्या रविवारी, धाकटीचा फोन झाल्यावर, तिने तिची शिवणाची वही माझ्यापुढे ठेवली. त्या वहीत बायकांची मापं असायची. छाती, कंबर, उंची, बाही. मागच्या पानावर तिने आमच्या प्रवासाची यादी केली होती. अक्षर टपोरं, आकडे एकाखाली एक. मशीनसमोर लिहिलं होतं: एकशेऐंशी.

"हे चुकलंय," मी म्हटलं.

"चुकलं नाही. सात रात्री बघून लिहिलंय. लेकीने दिलेला तो मीटर लावला होता." लेकीने आम्हाला प्लगमध्ये अडकवायचा एक छोटा मीटर दिला होता, कुठलं उपकरण किती वीज खातं ते दाखवणारा. मी त्याला खेळणं म्हणायचो. "मशीन साडेतीनशे खातच नाही हो. एकशेऐंशी खातं. कधी एकशेपंच्याऐंशी."

"पाटीवर साडेतीनशे आहे."

"पाटीवर काही का लिहिलं असेना. लेबलवरच्या मापाचा माणूस मी आजवर पाहिला नाही. मी अंगाला टेप लावते आणि मग कापते."

"अगं, हा काय गाऊन आहे का? पाटी कंपनीने लावलेली असते."

"कंपनीने मला बघितलंय कधी?"

मला हसू आलं. खरं सांगायचं तर थोडा रागही आला. चाळीस वर्षं वायरिंग मी केलं आणि आता शिवणाच्या वहीत मला वॅट शिकवणार. मी खिशातलं लाल पेन काढलं, तिचा एकशेऐंशी खोडला, वर साडेतीनशे लिहिलं आणि पानाच्या तळाशी अधोरेखित करून लिहिलं: तीन ढगाळ दिवस.

तिने वही जवळ ओढून बघितली. "बरं," ती म्हणाली आणि इस्त्री तापवायला उठली. तिची 'बरं' किती तरी प्रकारची होती आणि मला बहुतेक सगळी पाठ होती. हे 'बरं' ती सांगूनही न ऐकता स्वतःचं कापड वाया घालवणाऱ्या गिऱ्हाइकासाठी राखून ठेवायची.

आता नियमाचं कारण. मी तिशीत असताना एका छोट्या दवाखान्यात इन्व्हर्टर बसवला होता. वीज गेली तर तीन तास चालेल असं मी छातीठोकपणे सांगितलं होतं. तो दोन तास चालला. त्या वेळी आत एका बाईचं ऑपरेशन चालू होतं आणि शेवटचे टाके बॅटरीच्या प्रकाशात घातले गेले, हातात धरायच्या बॅटरीच्या. बाई बरी होऊन घरी गेली. मला कुणी बोललंही नाही. पण घरी येऊन मी मोरीत बसून उलट्या काढल्या. तेव्हापासून मी पाटीवरचा मोठ्यात मोठा आकडा धरतो आणि वर तीन दिवस घालतो. माझं एकही काम जळालं नाही ते त्यामुळे.

आणि इथे तर ती होती. माळावर, गाव नाही, माणूस नाही, आणि मशीन बंद पडून ती माझ्याकडे बघतेय, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. मला भीती वाटत होती. एवढं सरळ वाक्य मी तिला कधी बोलून दाखवलं नाही. त्याऐवजी मी वॅट सांगत राहिलो.

चार पॅनेल टपावर मावत नव्हती, म्हणून मी दोन पॅनेलांच्या खाली सरकणारी चौकट करायची ठरवली. ड्रॉवरसारखी. गाडी थांबली की दोन पॅनेल बाहेर ओढायची. कागदावर झकास दिसत होतं. प्रत्यक्षात पहिली चौकट वाकली, दुसरी गाडी चालताना खडखडायला लागली, तिसरी बसली पण तिच्या वजनाने टप दबला, म्हणून आतून टेकू द्यावे लागले. एक उन्हाळा गेला, मग दुसराही गेला. त्यानंतरचे महिनेही गेले.

बायको दुपारी पावगाडीत येऊन पुढच्या सीटवर बसायची. मांडीवर शिवण. गाडीसाठी तिने सहा पडदे शिवले, प्रत्येक खिडकीचं माप स्वतः घेऊन. धाकटीसाठी एक कापड आणून ठेवलं होतं, निळं, बारीक पांढऱ्या ठिपक्यांचं. त्याचा घरात घालायचा सैल गाऊन करायचा होता. धाकटी फोनवर मापं सांगायला तयार होती, पण ही ऐकेना. "नऊ वर्षांत काय काय वाढलंय ते समोर बसवून बघीन आणि मग कापीन."

मी गाडीखाली आडवा पडलेला असलो की वरून आवाज यायचा, "अहो, कुठवर आलो?"

"पहिल्या टोलनाक्यापाशी."

"कालही टोलनाक्यापाशीच होतो."

"रांग आहे."

ती हसायची. पाय हलवायची, ते मला खालून पत्र्यातून ऐकू यायचं. ते ऐकत काम करायला मला आवडायचं, आणि कधी कधी मला वाटतं, त्यामुळेही मी घाई केली नाही. बरं चाललं होतं ना.

एकदा मात्र ती चिडली. त्या दिवशी आकाश असं निळं होतं की बघवत नव्हतं. मी बाकीच्या तीन बॅटऱ्यांसाठी पट्ट्या कापत होतो. ती दारात उभी राहिली, एक हात चौकटीवर. "वरची दोन पॅनेल चालतात ना?"

"चालतात."

"बॅटरी आहे ना?"

"एक आहे."

"मग चला. नाहीच पुरली तर वाटेत पेट्रोल पंपावर प्लग मागू."

"मी वायरमन आहे. लोकांच्या दारात प्लग मागत फिरू?"

"फिरा. माझ्यासाठी फिरा." ती दम घ्यायला थांबली. "तुम्ही ढगांची वाट बघत बसलाय. ऊन रोज येतंय आणि जातंय."

"आठ दिवस दे," मी म्हटलं.

थंडीत तिची तब्येत उतरली. डॉक्टरांनी ऑक्सिजन वाढवायला मशीनचं बटण दोनवरून चारवर नेलं आणि आता दिवसाही लावा म्हणून सांगितलं. मी घरी येऊन काय केलं असेल? नवी यादी केली. चोवीस तास गुणिले साडेतीनशे. आता चार पॅनेलही पुरेनात. मी टेबलावर कागद पसरून बसलो होतो आणि ती समोर नाकात नळी घालून काजं करत होती. तिने यादी बघायला मागितली नाही. "धाकटीला सांगा, यंदाही नाही म्हणून," ती म्हणाली. "मला सांगवत नाही."

मी फोन केला. धाकटी म्हणाली, "असू दे भाऊजी. ताईला म्हणावं, मी कुठे पळून जातेय?"

त्यानंतर तीन आठवडे दवाखाना. शेवटच्या दिवशी दुपारी तिने डोळे उघडले आणि मास्कच्या आतून काही तरी म्हणाली. लेकीला कळलं नाही. मला कळलं. कुठवर आलो, असं ती विचारत होती. टोलनाका म्हणायची माझी हिंमत झाली नाही. "आलंच आता," मी म्हटलं. तिने माझी बोटं दाबली. तासाभराने ती गेली.

महिन्याने लेक घरी आली, मशीन दवाखान्याला परत द्यायचं होतं. कुणाला तरी लागत असेल, ती म्हणाली, आणि खरंच होतं ते. पण कुणाची वस्तू परत करताना ती चालू आहे की नाही ते तपासल्याशिवाय मी देत नाही. ही सवय आहे. मशीन स्वयंपाकघरात ओढत आणलं. प्लगमध्ये तो छोटा मीटर अजून तसाच अडकवलेला होता, त्यातच लावलं. मशीन घुरघुरलं. तो आवाज ऐकून लेक पटकन बाहेर गेली.

मीटरवर आकडा आला: दोनशे ऐंशी. बटण चारवर होतं. मी ते मागे फिरवलं, दोनवर, पहिल्या वर्षी जिथे होतं तिथे. आकडा उतरत गेला आणि एकशेऐंशीवर थांबला.

मीटर बिघडला असेल म्हणून मी माझा आणला, वायरभोवती अडकवायचा, चांगल्यापैकी. त्यावरही तेच. दहा मिनिटं बघत उभा राहिलो. एकशेऐंशी, एकशेऐंशी. कधी एकशेपंच्याऐंशी. पाटीवरचा आकडा मशीन पूर्ण जोराने चालवलं तर लागणारा होता. हे मला माहीत नव्हतं असं नाही. कुठल्याही नवशिक्या वायरमनला माहीत असतं. मी फक्त लावून बघितलं नव्हतं.

शिवणाच्या मशीनच्या खणात वही होती. मागचं पान काढलं. तिची टपोरी बेरीज, तिचा एकशेऐंशी, त्यावर माझी लाल रेघ. मी खाली पेन्सिलने तिची बेरीज पुढे नेली. दोन पॅनेल, एक बॅटरी. रात्रभर मशीन, फ्रिज, पंखा, दिवे, सगळं चालून थोडी वीज उरत होती. गाडी चालताना इंजिनाकडून मिळते ती वेगळीच. पाच मिनिटं लागली मला. पहिल्या आठवड्यातच सगळं टपावर आणि सीटमागे बसलेलं होतं. आम्ही त्याच्या पुढच्या सोमवारी निघू शकलो असतो.

लेक परत आली तेव्हा मी वही तिच्यापुढे धरली. तिने वाचलं. तिला वॅटमधलं फार कळत नाही, पण लाल रेघ कळली.

"बाबा," ती म्हणाली, "ती चिडली नव्हती तुमच्यावर."

"चिडली होती," मी म्हटलं. "मला ठाऊक आहे. आणि बरोबर चिडली होती." आणि मग मी रडलो, ओट्याला धरून, मशीन चालूच होतं. लेकीने ते बंद केलं.

पुढच्या सोमवारी मी निघालो. लेक नको म्हणत होती, मी ऐकलं नाही. पुढच्या सीटवर निळं कापड ठेवलं, घडी न मोडता. टपावर चार पॅनेल, मागे चार बॅटऱ्या, आणि एवढ्या सगळ्या विजेवर चालवायला काय, तर एक दिवा आणि माझा फोन. सकाळी नऊलाच बॅटऱ्या भरल्याचा हिरवा दिवा लागायचा. त्यानंतर दिवसभर ऊन पॅनेलवर पडत राहायचं आणि त्याचं करायला काही नसायचं. दुसऱ्या दिवशी मी उगीच पंखा लावून ठेवला, पुढच्या सीटकडे तोंड करून. माळावर थांबलो तिथे आसपास कुणी नव्हतं, मला वाटायचं तसंच. भीती वाटण्यासारखं मात्र तिथे काही नव्हतं. पडदे सहाही खिडक्यांना नीट बसले होते, कुठे बोटभर कमी नाही, कुठे जास्त नाही.

चौथ्या दिवशी दुपारी धाकटीच्या दारात पोचलो. ती खुर्ची उंबऱ्यापर्यंत आणून बसली होती. मी उतरलो तरी ती माझ्याकडे बघत नव्हती, गाडीच्या दुसऱ्या दाराकडे बघत होती. तिला सगळं माहीत होतं, फोन मीच केला होता. तरी बघत होती. मी मुद्दाम सावकाश चालत गेलो, तिला बघून घेता यावं म्हणून.

कापड तिच्या मांडीवर ठेवलं. "शिवलं नाही तिने," मी म्हटलं. "तुझं माप घेतल्याशिवाय कापणार नव्हती."

धाकटीने ठिपक्यांवरून हात फिरवला. बराच वेळ फिरवत राहिली.

"चार दिवस लागले?"

"हो. चार."

"ताई सांगायची, भाऊजींना ढगांची फार धास्ती." तिने मान वर केली. चेहरा थेट हिच्यासारखा, हे मी एवढ्या वर्षांत विसरलो होतो. "लागले का वाटेत ढग?"

"नाही," मी म्हटलं. "चारही दिवस ऊन होतं."